एकशे दहा किलो

जुई खरंच झोपली आहे की सोंग करते आहे, हे ओळखायला हेमांगी तिच्या डोळ्यांकडे बघत नाही, अंगठ्याकडे बघते. तोंडातला अंगठा सैल पडून ओठाच्या कडेला टेकला की झोप खरी. आता तो टेकलाय. रविवारची दुपार, अडीच वाजलेत, पडदा ओढलेला. पंखा दोनवर, कारण तीनवर केला की पोरीला सर्दी होणार अशी हेमांगीची पक्की खात्री. आणि उशाशी पालथा ठेवलेला फोन.

पाचच्या आत त्या फोनवर एकच वाक्य बोलायचं आहे. पहिली की दुसरी.

शिरोली नाक्याजवळ जमादारांचं जुन्या गाड्यांचं आवार आहे. तिथे दोन मिराडो शेजारी शेजारी उभ्या आहेत. मिराडो म्हणजे दोन सीटची, कापडी टपाची, पोट जमिनीला घासेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. अख्ख्या जिल्ह्यात पाच-सहा असतील नसतील. एक पिवळी, २००६ची, पहिल्या घडणीची. दुसरी करडी, २०११ची, सुधारून काढलेली. जमादारांनी काल स्वच्छ सांगितलं होतं, "हेमाताई, अण्णांची लेक म्हणून थांबलोय. उद्या पाचपर्यंत एक सांगा. राहील ती गोव्याचा माणूस उचलणार. तुम्ही काहीच बोलला नाही तर दोन्ही उचलणार."

काल दोन तास तिनं दोन्ही गाड्या तपासल्या. लोहचुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवला. पिवळीच्या उजव्या दारावर तो घसरला, म्हणजे रंगाखाली पत्रा नाही, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. करडीचे टायर चकचकीत पण सात वर्षांपूर्वीचे. दोन्हीत अडण्यासारखं काही नाही. अडलंय ते दुसरीकडेच.

"मुळात दोन सीटची गाडी कशाला?" विक्रांतनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, रात्री जेवताना विचारलं होतं. "आपण तिघं आहोत."

"एक जण घरी राहील."

"कोण?"

"त्या दिवशी भांडी ज्याची असतील तो."

तो हसला, मग हसणं आवरून म्हणाला, "घ्यायचीच तर दुसरी घे. निदान एअरबॅग तरी आहेत. आणि खरं सांगू? जुई झाल्यापासून तू आपली साधी गाडीसुद्धा हातात घेतली नाहीस. मागं बसतेस, तिच्या सीटचा पट्टा धरून."

हे खरं होतं म्हणून झोंबलं. अडीच वर्षं झाली. कॉलेजात असल्यापासून आठ वर्षं जी बाई बापाशेजारी बसून घाटाघाटांतून रॅली करत होती, ती आता बाजारात जायलाही मागच्या सीटवर बसते. आज पाच वाजून गेले की ती तिथेच म्हातारी होणार, हे हेमांगीला स्वच्छ दिसतंय.

आणि करडी घ्यायची तर अण्णांना काय सांगायचं? अण्णा म्हणजे रंगराव चौगुले, उद्यमनगरातले गॅरेजवाले, तिचे वडील. त्यांना जाऊन चौदा महिने झाले. मिराडो घ्यायची त्यांची जन्माची हौस, ती राहून गेली. पण मत ठाम. "घ्यायची तर पहिली. दुसरी म्हंजे बनियनवर स्वेटर."

पंखा एका लयीत फिरतोय. मग किंचित अडखळतो. पुन्हा फिरतो, पुन्हा अडखळतो, चारांतला एक सिलिंडर बंद पडल्यासारखा.

"प्लग काढून बघितलास का त्याचा?" कोणीतरी विचारतं.

पलंगाच्या पायथ्याशी अण्णा उभे आहेत. गॅरेजमधला तोच निळा शर्ट, खिशाला पेनाचा डाग. हातातला लांब स्क्रूड्रायव्हर त्यांनी पंख्याच्या बटणावर टेकवलाय आणि मूठ कानाला लावून ऐकताहेत. इंजिनाच्या पोटातलं ते असंच ऐकायचे.

"हळू बोला, जुई उठेल," हेमांगी म्हणते. चौदा महिन्यांनी बाप भेटतोय आणि तोंडातून पहिलं हेच येतं.

"उठंना. आजोबाला बघंल."

"अण्णा, तिला आत्ताच झोप लागलीये."

"बरं बाई. तुझं राज्य."

ती उठून बसते. पाय खाली सोडते तर खाली तिच्या खोलीची फरशी नाही. निळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी आहे, जुईच्या लसीच्या दवाखान्यातली. भिंतीवर हसऱ्या हत्तीचं चित्र, बाकावर टोकन हातात धरून बसलेल्या आया, आणि बाकांच्या मध्ये दोन मिराडो. एक पिवळी, एक करडी. आयांना त्याचं काही वाटत नाही. एकीनं दुधाची बाटली करडीच्या बॉनेटवर ठेवली आहे.

"चौदा नंबर," आतून आवाज येतो. हेमांगी हातातलं टोकन बघते. चौदा.

"चल, वजन करू," म्हणत अण्णा बाही वर सारतात आणि अख्खी पिवळी काखेत उचलून बाळांच्या काट्यावर ठेवतात. त्या प्लास्टिकच्या गुलाबी पाळण्यात गाडी मावते, मावायला नको तरी मावते. काटा हलतो, थरथरतो, थांबतो.

"नऊशे साठ," अण्णा वाचतात. लेकराचं वजन वाढलं की आयांचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झालाय. "हलकी फुल. ॲक्सिलरेटरला सरळ तार. पाय आणि इंजिन, मधी कोण न्हाई. स्टिअरिंगला हात लावला की रस्ता हातात येतोय. आता तुझी ती आण."

"माझी कुठंय? अजून ठरलं नाही."

"बघत तर तिच्याकडंच हायस."

करडी काट्यावर चढते. पाळणा कुरकुरतो.

"एक हजार सत्तर! घे. एकशे दहा किलो जादा. कसलं गं वजन हे?"

"दोन एअरबॅग," हेमांगी बोटांवर मोजत सांगते, परीक्षेत सांगावं तसं. "दारांच्या आत लोखंडी दांडे. गाडी घसरली तर सावरणारी यंत्रणा. आणि डावीकडची एअरबॅग किल्लीनं बंद करता येते. तशी केली की तिथं लहान मुलाची सीट—"

"भीती हाय ती!" अण्णा मध्येच तोडतात. "सरळ सांग की. पहिल्या घडणीत इंजिन भरलं, दुसरीत एकशे दहा किलो भीती भरली. आणि रंगरावाच्या लेकीला ती पसंत पडली."

बाकावरच्या सगळ्या आया वळून बघतात. त्यांच्या मांडीवरची पोरंही बघतात. एरवी हेमांगीच्या डोळ्यांत इथे पाणी आलं असतं. अण्णा होते तोवर तसंच यायचं. ते गाडीबद्दल काही बोलले की तो शेवटचा शब्द असायचा आणि हेमांगी रॅलीची वही मिटून गप बसायची. आज पाणी येत नाही. आज कानाच्या पाळ्या गरम होतात.

"बरं, भीती तर भीती," ती म्हणते. "पण माझी आहे ना? उचलणार मीच आहे. तुमच्या डोक्यावर देत नाही."

"वजन वाढलं की गाडी मरती."

"मी रोज बारा किलोचं पोर कडेवर घेऊन दोन जिने चढते. मेले का?"

अण्णा काहीतरी बोलायला तोंड उघडतात आणि मिटतात. हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलंय.

"असल्या बडबडीत दिवस जायचा," ते शेवटी म्हणतात. "चल. एक फेरी मारू, मग बोल."

दवाखान्याचं दार ते पायानं ढकलतात आणि बाहेर भुईबावडा घाटाचा माथा आहे. करवंदीच्या जाळ्या, खाली कोकणाकडे उतरत गेलेला काळा रस्ता, वाऱ्याला डेटॉलचा वास. दोन्ही गाड्या रस्त्याच्या कडेला लागलेल्या. अण्णा पिवळीत चालकाच्या जागी बसतात, हात लांब करून डावीकडचं दार उघडतात. सीटवर निळ्या पुठ्ठ्याची वही.

ती वही हेमांगी शंभर वह्यांतून ओळखेल. रॅलीत शेजारी बसणाऱ्यानं पुढचं वळण वाचून सांगायचं असतं. चालवणारा ते बघून नाही, ऐकून वळतो. बाकीचे इंग्रजीत वाचायचे. चौगुले बापलेकीनं आपल्या खुणा मराठीत केल्या होत्या. डावं चार. उजवं दोन, आवळतंय. पूल, मग मोकळं. आकडा लहान तितकं वळण अवघड.

"बस," अण्णा म्हणतात. "वही घे. चल."

हेमांगीचा पाय उचलला जातो. आणि तिला आई आठवते. आईचं एक सांगणं असायचं, भाजी निवडता निवडता केलेलं, कोणाच्या ना कोणाच्या स्वप्नाची गोष्ट निघाली की. गेलेलं माणूस स्वप्नात आलं तर बोलावं. चहा पाजावा. भांडावंसुद्धा. पण त्यानं 'चल' म्हटलं तर त्याच्याबरोबर जाऊ नये, मग तो कोणी का असेना.

ती खाली बघते. पाय हवेत आहे. उघड्या दाराच्या उंबऱ्यापासून टीचभर.

जुईचा अंगठा कुठं आहे? तोंडात आहे की बाहेर आलाय?

ती पाय खाली ठेवते, खडीवर, जोर देऊन.

"मी नाही येत."

"अगं एवढी एक फेरी."

"नाही म्हटलं ना. तुमच्या गाडीत मी बसणार नाही."

"आई सांगायची ते खूळ घेतलंस व्हय डोक्यात? मी काय तुला न्यायला आलोय?"

"काय माहीत. तुम्हाला तरी माहीत आहे का?"

घाटातून वारा वर येतो, वहीची पानं फडफडवतो. अण्णा स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवतात.  त्यांनाही माहीत नाही, हे तिला दिसतं.

"फेरी मारायची आहे ना?" हेमांगी म्हणते. "मग तुम्ही या. माझ्या गाडीत. मी नेते."

"मी? डावीकडं?"

"डावीकडं."

"मेलेल्या माणसाचा काय मान ठेवशील का न्हाई?"

"जिवंत होता तोवर ठेवला. आता तुम्ही ऐका."

ती करडीचं उजवं दार उघडून बसते. सीट पुढे ओढते, आरसा खाली करते, पट्टा ओढून खटकन लावते. सगळं दोनदा तपासते, तिसऱ्यांदाही तपासते, आणि अण्णांना ते दिसत असूनही तपासते. डावीकडे कुरकुरत अण्णा आत शिरतात. गुडघे छातीला लागतात.

"ह्यात बिस्किटाचा चुरा कसा? गाडी तर अजून घेतली न्हाईस."

"लहान मूल असलं की असतो. आधीपासून असतो."

"आणि हितं माझ्या पायाला ब्रेक न्हाई."

"मलाही नव्हता अण्णा. आठ वर्षं."

 ती गाडी सोडते.

पहिल्या शंभर मीटरात ती नुसता अंदाज घेते. स्टिअरिंग मऊ आहे, रस्त्याचा निरोप जरा उशिरा आणतंय. अण्णा त्या बाबतीत खोटं बोलले नाहीत. दुसऱ्या गिअरला इंजिन गुरगुरतं, तिसऱ्याला गायला लागतं. कापडी टप कधी मागे गेला कळत नाही. वरून पंख्याएवढं आभाळ फिरत जातं.

"वाचा की," ती ओरडते.

"डावं चार," अण्णा वाचतात. आवाज जरा बसलेला. "मग पन्नास मीटर. उजवं तीन. उजवं तीन, आवळतंय!"

ती ब्रेक सोडता सोडता वळवते. कठडा उजव्या खिडकीपासून हातभर अंतरावरून जातो. कठड्यावर ओळीनं दवाखान्यातल्या आया बसल्यात, टोकन हातात, आणि कोणी काही म्हणत नाही.

"ते बटण बंद कर," अण्णा म्हणतात. "घसरण सावरायचं. ते चालू हाय तोवर गाडी तू चालवत न्हाईस, ती तुला चालवती."

"माझ्या मनात आलं की करेन."

"भितीस."

"भिते! रोज भिते. द्राक्षाचे चार तुकडे करते, गॅसचं बटण तीनदा बघते, रात्री उठून तिच्या नाकाशी हात धरते. म्हणून काय मी मागच्या सीटवर बसून मरू?"

वळण येतं, रुंद, डावीकडे दरी नाही, डोंगर आहे. हेमांगी अंगठ्यानं बटण दाबते. गाडीची शेपूट सुटते, बाहेर झुकते, सबंध गाडी तिरकी होऊन घाटावर लोंबल्यासारखी होते, आणि हेमांगी स्टिअरिंग उलटं देऊन तिला धरते. हसू तोंडातून नाही, पोटातून येतं. वळण संपतं. ती पुन्हा बटण दाबते. यंत्रणा चालू.

"बघितलंत?" ती म्हणते. "पिवळीत हे नाही. तिथं सदा उघडंच. इथं कधी उघडायचं, कधी झाकायचं ते मी ठरवते. कंपनी नाही, विक्रांत नाही, आणि तुम्हीही नाही."

अण्णा पान उलटायला जातात आणि पान उलटत नाही. दोन पानं एकमेकांना चिकटलेली आहेत, तेलकट, लालसर डागानं.

हेमांगीचा पाय आपोआप ढिला पडतो. हीच ती पानं. लग्नाआधीची शेवटची रॅली. सकाळी गगनबावड्याला मिसळ खाल्ली होती, वही टेबलावर उघडी होती, रस्सा सांडला होता. घाटात तिनं पान उलटलं ते दोन पानं एकदम. मधलं 'उजवं दोन, आवळतंय' गिळलं गेलं आणि ती ओरडली, मोकळं! अण्णांनी लेकीच्या शब्दावर गाडी मोकळी सोडली. कठडा तुटला, अण्णांचं मनगट मोडलं. ब्रेक फेल झाले, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. तिला एका शब्दानं बोलले नाहीत. तेव्हापासून ती प्रत्येक गोष्ट तीनदा बघते.

"हेमे," अण्णा वहीकडे बघत म्हणतात, "रस्सा मी सांडला होता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. तुम्ही शर्टाच्या बाहीनं पुसत होता. मी बघत होते."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही का नाही बोललात? सहा वर्षं मी वाट बघितली. तुम्ही मोठेपणा केलात, मला झाकलंत, आणि मी आयुष्यभर तुमची गुन्हेगार. मिसळीच्या एका वाटीपायी! बोलायचं होतं ना अण्णा, जिवंत असताना, तोंडावर. रस्सा माझा, वाचणं तुझं, दोघांची चूक, चल पुढं. संपलं असतं."

"बापाला जमत न्हाई ते."

"मग मी जमवेन. मी माझ्या पोरीला सांगेन माझी चूक झाली म्हणून."

अण्णा नखानं ती दोन पानं सोडवू लागतात. हळूहळू, इंजिनाचं जुनं गॅस्केट सोडवावं तशी. पान फाटत नाही. सुटतं. मधलं वळण उघडं होतं.

"उजवं दोन," ते वाचतात. "आवळतंय. लई आवळतंय हेमे, सांभाळ."

ती सांभाळते.

घाट संपतो. खालचा रस्ता तिच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये उतरतो, पण पार्किंगमध्ये भात पिकलाय, पिवळा, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेला. अण्णा म्हणतात, "हितं थांब. पण तशी न्हाई थांबायची. गिऱ्हाइकाला गाडी देण्याआधी मी काय करायचो?"

"वेगात असताना एकदा सगळा ब्रेक."

"मग? कर की."

ती आरशात बघते, मागे कोणी नाही. पाय पूर्ण दाबते. टायर किंचाळतात, नाक खाली जातं, पट्टा कचकन आवळून तिच्या अंगात रुततो, श्वास अडकतो. गाडी जागच्या जागी, रेषेत सरळ उभी राहते.

"वजनदार हाय," अण्णांचा आवाज येतो. "पण थांबती झ्याक."

ती डावीकडे वळते. सीट रिकामी आहे. नुसता बिस्किटाचा चुरा.

"आई," जुई म्हणते आहे. "आई, हे काय?"

पंखा दोनवर आहे. घड्याळात चार वाजून बावीस मिनिटं. जुई गुडघ्यांवर बसून आईच्या गाऊनच्या गळ्याशी बोट लावते आहे.

हेमांगी उठून आरशासमोर जाते. उजव्या खांद्यावरून निघालेला, छाती ओलांडून डाव्या बरगडीपर्यंत तिरका गेलेला लाल पट्टा. दोन-अडीच इंच रुंद, कडा सरळ, आणि मध्ये विणीची बारीक जाळी उमटलेली. ती गादी चाचपते. चादर सपाट आहे. गाऊनला तिथे शिवण नाही. उशी, ओढणी, पर्स, काहीच अंगाखाली नव्हतं. ती पुन्हा तपासते, आणि तिसऱ्यांदा तपासत नाही.

आठ वर्षं तिला पट्टा लागला तो डाव्या खांद्यावरून. उजव्या खांद्यावरून लागतो तो चालवणाऱ्याला.

विक्रांत दारात येऊन उभा राहतो. "काय झालं? लागलं का कुठं?"

"लागलं," ती म्हणते, आणि फोन उचलते. "जमादारभाऊ, हेमांगी बोलतेय. करडी. हो, दुसरी. पिवळी जाऊ दे गोव्याला. आणि पोचवायला माणूस पाठवू नका, मी येतेय, मीच नेणार."

 पलीकडून जमादार जपून म्हणतात, "ताई, राग मानू नका. पण अण्णा असते तर पिवळीच..."

"अण्णांशी बोलणं झालंय माझं," हेमांगी म्हणते. "भांडण झालं. मी जिंकले."